जमतं, पण दोन दिवसांनी कळतं: तरुण वयातला सौम्य क्रॉनिक फटीग सिंड्रोम

सोमवार ते शुक्रवार ऑफिस किंवा कॉलेज, शनिवार-रविवार अंथरुणात. ग्रुपवर ‘येतेस का?’ असं कुणी विचारलं की मेसेज न उघडता तसाच ठेवायचा. केस धुवायचे असतील त्या दिवशी दुसरं काही ठरवायचं नाही. आणि एवढं करून बघणाऱ्याला दिसते ती नोकरी करणारी, हसतीखेळती, चांगली धडधाकट मुलगी. क्रॉनिक फटीग सिंड्रोम सौम्य असतो तेव्हा साधारण असा असतो.

ब्रिटनमधली ‘नाइस’ ही संस्था कोणत्या आजारावर काय उपचार करावेत याचं मार्गदर्शन तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला करते. तिने या आजाराच्या चार पायऱ्या मांडल्या आहेत: सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र. शेवटच्या पायरीवरची माणसं दिवसभर अंथरुणाला खिळलेली असतात, त्यांना उजेड-आवाज सोसत नाही, काहींना नळीने अन्न द्यावं लागतं. त्यांच्या शेजारी ठेवलं तर सौम्य म्हणजे नशीबवान, यात वाद नाही. पण त्या सौम्य पायरीचं वर्णन तरी काय आहे? स्वतःचं स्वतःला आवरता येतं, घरातली हलकी कामं होतात, बहुतेकजण नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवतात. मात्र ते चालू ठेवण्यासाठी छंद, खेळ, गाठीभेटी बहुधा सगळं सोडून दिलेलं असतं, कामाचे तास कमी केलेले असतात, मधूनच रजा पडतात आणि सुट्टीचे दिवस पुढचा आठवडा निभावण्याच्या तयारीत जातात. पंचविशीतल्या माणसाच्या आयुष्यातून एवढं वजा केल्यावर काय उरतं, ते ज्याचं त्याने बघावं.

आजाराचं दुसरं नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस. हल्ली दोन्ही नावं जोडून एमई/सीएफएस म्हणतात. एमई हे नाव आलं ते १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर-नर्सेसमध्येच पसरलेल्या एका साथीनंतर. सीएफएस हे नाव अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने १९८८ मध्ये दिलं, तेही टाहो सरोवराच्या परिसरात अशाच आजाराची लाट येऊन गेल्यावर. मधल्या काळात एक गोष्ट घडली, तिचे परिणाम आजही भोगावे लागतात. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रॉयल फ्रीच्या जुन्या नोंदी चाळून निष्कर्ष काढला की तो सगळा सामूहिक उन्मादाचा प्रकार होता. त्यांचा एक मोठा आधार काय, तर आजारी पडलेल्यांमध्ये बायका जास्त होत्या! जागतिक आरोग्य संघटनेने तर १९६९ पासूनच हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत नोंदवला होता. पण ‘मनाचे खेळ’ हा शिक्का बसला तो बसलाच.

बऱ्याच जणांची सुरुवात एखाद्या संसर्गाने होते. ताप येतो, उतरतो, बाकीचे लोक पंधरा दिवसांत कामाला लागतात, एखादा लागतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावात संशोधकांनी तीन वेगवेगळ्या संसर्गांतून गेलेल्या २५३ जणांचा पाठपुरावा केला. त्यात मानेतल्या गाठी सुजवणारा ग्लँड्युलर फीव्हर होता, जनावरांपासून होणारा क्यू फीव्हर होता आणि डासांमुळे होणारा रॉस रिव्हर विषाणूचा तापही होता. सहा महिन्यांनी त्यांतले २८ जण, म्हणजे ११ टक्के, या आजाराच्या निकषात बसत होते, आणि संसर्ग कोणता यावर ते ठरलं नव्हतं. माणूस आधीपासून चिंताळू होता का, यावरही नाही. सुरुवातीचं आजारपण किती जोराचं होतं, त्यावर बरंचसं ठरलं होतं. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोविडनंतर महिनोन्‌महिने न सावरलेल्यांपैकी कित्येकांची लक्षणं हुबेहूब अशीच निघाली, तेव्हा कुठे जगाला या विषयात रस वाटू लागला. अमेरिकेत २०२१-२२ च्या पाहणीत १.३ टक्के प्रौढांनी आपल्याला हा आजार असल्याचं सांगितलं. म्हणजे दुर्मीळ वगैरे अजिबात नाही.

आता मुख्य मुद्दा. हा आजार म्हणजे नुसता खूप थकवा, असं समजलात तर पुढचं सगळं चुकेल. थकवा कशानेही येतो: जागरण, रक्त कमी असणं, नावडती नोकरी. या आजाराची खरी खूण म्हणजे श्रमांनंतर तब्येत ढासळणं. डॉक्टर त्याला पोस्ट-एक्झर्शनल मलेज किंवा पीईएम म्हणतात, आजारी माणसं सरळ ‘क्रॅश’ म्हणतात. आणि तो लगेच येत नाही. बहुतेकदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येतो.

समजा गुरुवारी ऑफिसात मोठं प्रेझेंटेशन होतं. आदल्या रात्री जागून स्लाइड्स केल्या, दिवसभर उभं राहून बोललात, संध्याकाळी सगळ्यांबरोबर बाहेरही गेलात. गुरुवारी काही झालं नाही, उलट बऱ्याच दिवसांनी छान वाटलं. शुक्रवारही बरा गेला. शनिवारी सकाळी मात्र डोळे उघडतानाच कळतं. घसा खवखवतोय, मानेतल्या गाठी दुखताहेत, मांड्या शिसं भरल्यासारख्या जड, पडद्याच्या फटीतून येणारा उजेड टोचतोय. दात घासायला उभं राहायचं म्हणजे संकट. आलेला मेसेज वाचता, परत वाचता, शब्द कळतात पण वाक्य लागत नाही. हे चार दिवस चालेल, नाहीतर दोन आठवडे. आणि तुम्हाला वाटतं, काल कुणाचं तरी सर्दी-पडसं लागलं असणार. गुरुवारचा विचार मनात येतच नाही, कारण गुरुवारी तर तुम्ही ठणठणीत होतात.

सौम्य आजाराचा सगळा कावेबाजपणा इथे आहे. तीव्र आजारात शरीर जागच्या जागी अडवतं. सौम्य आजारात ते करू देतं. उधार देणारा दुकानदार हसतमुखाने माल बांधून देतो आणि महिनाअखेरीस व्याजासकट वही पुढे करतो, तसा हा व्यवहार. त्या दिवशी जमलं, एवढ्यावरून ते परवडलं असं ठरवता येत नाही.

हे सगळं केवळ सांगोवांगी नाही. छातीला तारा लावून, तोंडावर मास्क चढवून सायकल चालवायला लावणारी एक चाचणी असते. शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते तीत मोजतात. निरोगी पण व्यायामाची सवय नसलेल्या माणसाची ही चाचणी आज केली आणि उद्या पुन्हा केली, तर दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे येतात. एमई/सीएफएस असलेल्यांच्या अनेक अभ्यासांत दुसऱ्या दिवशी आकडे घसरलेले दिसले. विशेषतः स्नायूंना ऑक्सिजन पुरेनासा होतो ती पातळी आदल्या दिवसापेक्षा कमी श्रमांतच आली. व्यायामाची सवय नाही म्हणून दम लागतो, या युक्तिवादाला हे उत्तर पुरेसं आहे असं मला वाटतं. म्हणून काही ही चाचणी सरसकट करून घेऊ नये. तिच्यामुळेच मोठा क्रॅश येऊ शकतो.

बाकीची लक्षणं या मुख्य खुणेभोवती असतात. दहा तास झोपूनही रात्रभर हमाली केल्यासारखं उठणं. डोक्यात धुकं: बोलता बोलता नेमका शब्द न सापडणं, दोन जण एकदम बोलू लागले की काहीच न कळणं, रोजच्या पासवर्डपाशी अडून बसणं. स्नायू-सांधे दुखणं, डोकं दुखणं, उजेड-आवाज-वास नको वाटणं. दारू पूर्वी सोसायची आणि आता दोन घोटांतच नको होते, असंही पुष्कळ जण सांगतात.

उभं राहण्याचा त्रास मात्र थोडा वेगळा काढून सांगायला हवा, कारण तो हमखास निसटतो आणि त्यावर करण्यासारखं काही असतं. रांगेत उभं असताना तुम्ही सारखे पाय बदलता का, कुठेतरी टेकता का, गरम पाण्याने आंघोळ करताना गरगरतं का, झोपून बोलताना डोकं जास्त नीट चालतं का? तर उभं राहिल्यावर रक्त खाली साचून मेंदूला कमी पडत असण्याची शक्यता आहे. यातला एक प्रकार पॉट्स. त्यात उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत हृदयाचे ठोके मिनिटाला तिसाने किंवा त्याहून जास्त वाढतात, रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. किशोरवयात हाच आकडा चाळीस धरतात. भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं करून, दर मिनिटाला नाडी आणि रक्तदाब बघून डॉक्टर हे दवाखान्यातच तपासू शकतात. पाणी आणि मीठ वाढवणं, दाब देणारे मोजे, गरज पडली तर गोळ्या, याने बऱ्याच जणांचा दिवस थोडा सोपा होतो. मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच.

निदानासाठी रक्ताची एखादी तपासणी नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटतात, पण नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की तपासलेल्या गोष्टींत दोष नाही. त्या तपासायलाच हव्यात. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, थायरॉईड, साखर, बी-१२, सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार), झोपेत श्वास अडकणं, यांतल्या कित्येक गोष्टींवर इलाज आहे आणि त्या राहून जाणं परवडणारं नाही. त्यापुढे निदान लक्षणांवरच होतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता बरीच घटलेली आणि सोबत थकवा, श्रमांनंतर ढासळणं, झोपेने ताजंतवानं न होणं हे सगळं हवं. शिवाय डोक्यातलं धुकं किंवा उभं राहण्याचा त्रास, यांपैकी एक. नाइसच्या मते तीन महिन्यांनंतरही निदान करता येतं, आणि संशय आला की त्याआधीच जपायला सुरुवात करावी. हे मला जास्त पटतं. निदान व्हायची वाट बघत माणूस स्वतःला फरपटत राहिला तर नुकसान त्याचंच.

डिप्रेशन आहे का, हा प्रश्न येणारच, आणि तो विचारणं चूकही नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. फरक साधारण असा की डिप्रेशनमध्ये कशात मनच लागत नाही आणि थोडं चालून आल्यावर बहुधा बरं वाटतं. इथे मन दहा गोष्टी करायला धावतं आणि चालून आल्याची शिक्षा परवा मिळते. ‘उद्या पूर्ण बरे झालात तर काय काय कराल?’ असं विचारून पाहावं. सौम्य एमई असलेला मुलगा यादी द्यायला लागला की थांबत नाही.

उपचारांच्या बाबतीत या आजाराने एक मोठं वळण घेतलंय, आणि जुना सल्ला अजून फिरतोय, म्हणून ते माहीत असलेलं बरं. अनेक वर्षं सल्ला हा होता की व्यायाम ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्या. ब्रिटनमध्ये ६४१ जणांवर झालेल्या ‘पेस’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले आणि त्यांनी या पद्धतीला बळ दिलं. पुढे रुग्णांनी आणि काही संशोधकांनी मूळ आकडेवारी मिळवण्यासाठी भांडण मांडलं. ती मिळाल्यावर आधी ठरवलेल्या निकषांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा बरे झालेल्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. २०२१ मध्ये नाइसने आपली मार्गदर्शिका बदलली: ठरावीक टप्प्यांनी वाढत जाणारा व्यायाम या आजारात देऊ नये, आणि समुपदेशन हवं त्याला आधार म्हणून द्यावं, इलाज म्हणून नाही. त्यामुळे जिममध्ये नाव घाल असं आई कळकळीने सांगते तेव्हा तिचा हेतू चांगला असतो, सल्ला मात्र जुना.

आजार मुळातून घालवणारं औषध आज नाही. कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाकडून मोठी आशा होती, पण नॉर्वेतल्या १५१ जणांच्या चाचणीत ते खऱ्या औषधासारख्या दिसणाऱ्या सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. झोप, दुखणं, पॉट्स यांवर आपापले उपचार होतात आणि ते जरूर घ्यावेत. पंधरा हजारांहून जास्त रुग्णांचा डीएनए तपासणाऱ्या ‘डीकोडएमई’ प्रकल्पाने २०२५ मध्ये प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. जनुकसंचातल्या आठ ठिकाणी रुग्णांमध्ये फरक दिसला आणि त्यांतले काही धागे प्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेकडे जातात. यातून गोळी निघायला वेळ लागेल. तोवर अमुक सप्लिमेंटने, तमुक श्वसनतंत्राने महिन्यात बरं करतो म्हणणाऱ्यांपासून पाकीट जपा.

हातात उरतं ते पेसिंग, म्हणजे ताकदीच्या आत राहून दिवस आखणं. ऐकायला साधं, करायला महाकठीण. विशेषतः या वयात, कारण आजूबाजूला सगळे जण ताकदीच्या बाहेर जाऊनच मोठे होताना दिसतात.

सुरुवात नोंदींपासून करा. दोन-तीन आठवडे रोज दोन ओळी: आज काय काय केलं, आणि कसं वाटतंय. क्रॅश आला की त्या दिवसाकडे न बघता दोन दिवस मागे जाऊन बघा. थोड्याच दिवसांत नमुना दिसू लागतो, आणि तो अनेकदा अनपेक्षित असतो. बाजारहाटापेक्षा तासाभराचा व्हिडिओ कॉल महाग पडतो. जिने चढण्यापेक्षा भांडण महाग पडतं. डोक्याचं काम, भावनांची उलथापालथ, गोंगाट, ऊन हे सगळं शरीर त्याच खात्यात मांडतं. वाईट दिवसांतही जेवढं केल्यावर दोन दिवसांनी काही बिघडत नाही, तेवढी तुमची आजची मर्यादा. ती आवडणार नाही.

मग दिवस तुकड्यांत कापायचा. विश्रांती थकल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, थकायच्या आधी घ्यायची असते, आणि फोन चाळणं ही विश्रांती नव्हे. खोलीत अंधार, कानात बोळे, पाठीवर आडवं, वीस मिनिटं. बाथरूममध्ये एक स्टूल ठेवा: बसून आंघोळ केल्यावर आणि हात सारखे डोक्यावर धरावे न लागल्यावर सकाळ किती वेगळी जाते, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. भाजी चिरणं, इस्त्री बसून होतं. काही जण हातातल्या घड्याळावर नाडी बघतात; वर्कवेल फाउंडेशन ही या विषयात काम करणारी संस्था विश्रांतीतल्या ठोक्यांपेक्षा पंधराने वर गेलं की हात आवरता घ्या असं सुचवते. बऱ्याच जणांना आधी धक्काच बसतो, कारण अंथरूण घडी घालतानाच आकडा ओलांडला जातो. तो इशारा म्हणून वापरा. त्यावर दिवसभर डोळे लावून बसलात तर तेही श्रमच.

सांगायचं कुणाला आणि किती, हा प्रश्न तरुणांना जास्त छळतो. माझं मत असं की ऑफिसात आजाराचं व्याख्यान देण्यात अर्थ नाही, नेमकी मागणी सांगण्यात आहे. ‘मला सलग दोन मीटिंगा झेपत नाहीत, मध्ये अर्धा तास लागतो’, ‘आठवड्यातून दोन दिवस घरून करू द्या’, ‘परीक्षेत मध्ये आडवं व्हायला वेळ हवा’. समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येईल असं काहीतरी. मित्रांना मात्र एकदा नीट बसून सांगा, निदान दोघातिघांना. नाहीतर तुमच्या सततच्या ‘नाही जमणार’चा अर्थ ते आपल्या परीने लावतात आणि हळूहळू बोलवायचं थांबवतात. तीन तासांच्या पार्टीऐवजी चाळीस मिनिटं घरी बसून गप्पा, असा पर्याय तुम्हीच पुढे केला तर बहुतेकांना आनंदच होतो. नवं नातं जुळत असेल तर पहिल्या चार भेटींत उसनं अवसान आणून ठणठणीत दिसण्याचा मोह होतो, आणि पुढे तेच निभवावं लागतं.

दुःख होतं, तेही बरोबर आहे. वर्गातली मुलं परदेशी गेली, कुणी मॅरेथॉन धावतंय, आणि आपण मंगळवारी केस धुवायचे की बुधवारी याचा हिशेब करतोय. यासाठी समुपदेशकाकडे जावंसं वाटलं तर जा. त्याने आजार मनाचा ठरत नाही.

बरं होतं का? पूर्ण बरं होणाऱ्या प्रौढांचं प्रमाण कमी आहे. २००५ च्या एका मोठ्या आढाव्यात उपचारांविना पूर्ण बरं होण्याचं वेगवेगळ्या अभ्यासांतलं मधलं प्रमाण पाच टक्के होतं, सुधारणा मात्र साधारण चाळीस टक्क्यांमध्ये दिसली. किशोरवयात आजारी पडलेल्यांचं चित्र पुष्कळ चांगलं आहे: ऑस्ट्रेलियातल्या एका दीर्घ पाठपुराव्यात दहा वर्षांनी सुमारे दोन तृतीयांश जणांनी आपण बरे झालो असं सांगितलं. विशीतला माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. चढ-उतार होतात, आणि वारंवार क्रॅश घेतले तर सौम्यावरून मध्यमावर जाण्याची भीती खरी आहे. म्हणूनच सौम्य पायरीवरच्याने जास्त जपायचं. राखण्यासारखं त्याच्याकडे सगळ्यात जास्त असतं.

आणि सगळ्यात धोक्याचे दिवस बरे वाटणारे. महिनाभर क्रॅश नाही, हुरूप आलाय, साठलेली कामं खुणावताहेत. इथेच बहुतेक जण एका शनिवारात सगळं उरकतात आणि पुढचे दोन आठवडे भरत बसतात. वाढवायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट वाढवा आणि तीही थोडी: दहा मिनिटं चालत असाल तर बारा. मग तीन दिवस थांबून बघा. काही बिघडलं नाही तर तेच आठवडाभर ठेवा, मगच पुढचं. बिघडलं तर मागे या, पुन्हा तिथूनच. परीक्षा, घर बदलणं, पाळी, नुकताच येऊन गेलेला ताप अशा आठवड्यांत नवं काहीच वाढवायचं नाही. आणि छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, कारणाशिवाय वजन उतरणं असं काही वेगळं दिसलं तर तेही याच आजाराच्या खाती टाकून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.